१८३५० मापाचे लहान सेल : छापील आकडा आणि हाती येणारी मिनिटे

गेल्या दोन महिन्यांत मी इंदूरच्या महाराणी रोडवरील बाजारातून तीन लिथियम-आयन सेल आणि एक चार्जर विकत घेतला, घरी आणून त्यांची पुन्हापुन्हा मोजणी केली आणि त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो आहे. तीनपैकी दोन सेल १८३५० मापाचे, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ३५ मिलिमीटर लांबीचे आहेत, तर तिसरा सर्वांच्या परिचयाचा, ६५ मिलिमीटर लांबीचा १८६५० आहे. पहिल्या लहान सेलवर ११०० मिलिअँपिअर-तास असा क्षमतेचा, म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते याचा आकडा छापलेला आहे आणि तो मला ४५० रुपयांना मिळाला. दुसऱ्यावर त्याच्या नेमका दुप्पट, म्हणजे २२०० हा आकडा आहे आणि त्याची किंमत मात्र १८० रुपये होती. १८६५० वर ३००० लिहिलेले आहे व तो ५५० रुपयांना पडला.

या खरेदीला निमित्त माझ्या भाच्याचे झाले. तो ब्रिटनमध्ये राहतो आणि तेथे मेकॅनिकल मॉड या नावाने ओळखले जाणारे व्हेपिंगचे, म्हणजे ई-सिगारेटचे साधन वापरतो. त्याने ती सवय सोडावी हे माझे मत त्याला ठाऊक आहे आणि ते मी येथेही लपवत नाही. तरीही एका रविवारी त्याने फोनवर विचारले, "मामा, तुम्ही इतकी वर्षे प्रयोगशाळेत विजेची उपकरणे हाताळलीत, सेलवर ११०० लिहिलेले असताना तो दुपारपर्यंतसुद्धा का टिकत नाही, हे एकदा मला समजावून सांगा." प्रश्न रास्त होता आणि माझ्याही उपयोगाचा होता, कारण माझ्याकडील खिशात मावणारा टॉर्च याच मापाच्या सेलवर चालतो. पहाटे जानापावची टेकडी चढताना तो अर्ध्या वाटेवर मंद होतो, ही माझी स्वतःची जुनी तक्रार आहे.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. त्यामुळे ते साधन माझ्याकडे नाही आणि मला ते नकोही आहे. मात्र सेलच्या दृष्टीने पाहिले तर त्याची रचना इतकी साधी आहे की मोजणीसाठी ते हाताशी असण्याची गरज पडत नाही. धातूची नळी, तिच्यात एक सेल, खाली दाबायचे बटण आणि वर प्रतिरोधक तारेची गुंडाळी, एवढेच त्यात असते. व्होल्टेज स्थिर ठेवणारे, सेल रिकामा होत आला की पुरवठा तोडणारे किंवा शॉर्ट सर्किट ओळखणारे कोणतेही इलेक्ट्रॉनिक सर्किट त्यात नसते, आणि मेकॅनिकल हे नाव त्याला त्यामुळेच मिळाले आहे. माझ्या टॉर्चमध्येही असे सर्किट नाही. म्हणून तारेच्या गुंडाळीच्या जागी मी १ ओहमचा, अॅल्युमिनियमच्या आवरणाचा, २५ वॉटचा रोध पत्र्यावर घट्ट बसवला, जाड तारा जोडल्या आणि मल्टिमीटर व घड्याळ घेऊन बसलो.

मोजणीआधी वजन केले. सराफ्यातील एका परिचित पेढीवर दिवसा, गर्दी नसताना, सोन्याच्या काट्यावर तिन्ही सेल ठेवले. ११०० चा लहान सेल २४.१ ग्रॅम भरला, १८६५० चे वजन ४६.३ ग्रॅम आले आणि २२०० चा आकडा मिरवणारा सेल अवघा १६.८ ग्रॅमचा निघाला. सेलमध्ये साठणारी ऊर्जा ही आतील धातूच्या पातळ पट्ट्यांवर लेपलेल्या पदार्थात असते आणि त्या पदार्थाला वजन असते. दुप्पट क्षमतेचा दावा करणारा सेल जर दोनतृतीयांश वजनाचा असेल, तर शंका घेण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

खरे तर काटाही लागत नाही, साधे त्रैराशिक पुरते. १८६५० मापात नामांकित कंपन्यांचे जे अधिक क्षमतेचे सेल बाजारात रुळले आहेत, ते ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असतात. अशा सेलची लांबी ६५ वरून ३५ मिलिमीटरवर आणली आणि त्यात काहीच वाया गेले नाही असे धरले, तरी हिशेब १८८५ च्या पुढे जात नाही. म्हणजे १८३५० वर २२०० हा आकडा पाहिल्यावर तो सेल दुकानातच परत ठेवायला हवा. १८६५० वर छापलेल्या ९९०० सारख्या आकड्यांनाही हाच न्याय लागू होतो.

परंतु वरच्या हिशेबात काहीच वाया गेले नाही असे जे धरले, ते वास्तवात घडत नाही, आणि लहान सेलची मुख्य अडचण तेथेच आहे. सेलच्या वरच्या टोकाला धन टोपी, तिच्याखाली दाब वाढल्यास वायू बाहेर सोडणारी झडप, रबरी कडे आणि दुमडून दाबलेली कडा असते. खालच्या बाजूला तळ आणि जोडपट्टी असते. हा सगळा सरंजाम ६५ मिलिमीटरच्या सेलला जेवढी जागा घेतो, जवळजवळ तेवढीच ३५ मिलिमीटरच्या सेललाही लागते. राहिलेल्या जागेत विद्युतपट्ट्यांची वळकटी बसवायची असते. म्हणून लांबी निम्म्याहून थोडी अधिक असली तरी क्षमता मात्र तिसऱ्या हिश्शाच्या आसपास उतरते. छोट्या खोलीत दार आणि जिना मोठ्या खोलीइतकेच असावेत, तसा हा प्रकार आहे. ११०० हा आकडा त्या दृष्टीने प्रामाणिक वाटतो.

आता मिनिटांकडे येतो. तिन्ही सेल ४.२ व्होल्टपर्यंत पूर्ण भरले, तासभर तसेच ठेवले आणि १ ओहमच्या रोधावर जोडून, टोकांवरील व्होल्टेज ३.० ला पोहोचेपर्यंत चालू ठेवले. खोलीचे तापमान ३१ अंश होते. ११०० चा लहान सेल १६ मिनिटे चालला, १८६५० ने ४६ मिनिटे साथ दिली आणि २२०० चा सेल ४ मिनिटे ४० सेकंदांत गळाला. त्यानंतर हीच मोजणी १० ओहमच्या रोधावर, म्हणजे दहापट सौम्य भारावर केली. तेथे ११०० चा सेल २ तास ५५ मिनिटे टिकला, १८६५० ला आठ तासांना काही मिनिटेच कमी पडली आणि २२०० वाल्याने १ तास ५० मिनिटे दिली.

या दोन मोजण्या शेजारी ठेवून वाचल्या की बरेच उलगडते. सौम्य भारावर ११०० च्या सेलमधून सुमारे १०८० मिलिअँपिअर-तास निघाले, म्हणजे छापील आकडा खरा ठरला. जड भारावर मात्र त्याच सेलने सुमारे ९०० च दिले. उरलेली वीज आतच राहिली, कारण विद्युतप्रवाह वाढला की सेलच्या अंतर्गत रोधामुळे टोकांवरील व्होल्टेज खाली दबते आणि ३.० ची रेषा लवकर गाठली जाते. भार काढून दहा मिनिटे थांबल्यावर तोच सेल पुन्हा ३.४ च्या वर दाखवतो. १८६५० मध्येही हे घडले, पण कमी प्रमाणात : २९५० वरून २७०० पर्यंत. याचे कारण असे की साडेतीन अँपिअरचा प्रवाह मोठ्या सेलसाठी त्याच्या क्षमतेच्या सव्वापटीहूनही कमी असतो, तर लहान सेलसाठी तो तिपटीहून अधिक असतो. एकच ओझे एका खांद्यावर आणि तीन खांद्यांवर घेण्यात जो फरक असतो, तोच येथे आहे. लहान सेल शेवटी ४८ अंशांपर्यंत तापला होता. मोठा ३७ वरच राहिला. २२०० च्या सेलमध्ये सौम्य भारावरही जेमतेम ६८० निघाले आणि जड भारावर तर त्याचा जीवच उरला नाही. त्याचा अंतर्गत रोध मोठा आहे, हे पहिल्याच मिनिटाला कळले : जोडताक्षणी ४.२ चे ३.५ झाले.

यावरून भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळते, आणि ते मी त्याला आकड्यांतच दिले. त्याची गुंडाळी ०.५ ओहमची आहे. भरलेल्या सेलच्या ४.२ व्होल्टवर ओहमच्या नियमाने ८.४ अँपिअर प्रवाह आणि सुमारे ३५ वॉट शक्ती होते. सेल उतरत ३.५ वर आला की तीच शक्ती साडेचोवीस वॉट होते, कारण शक्ती ही व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते; व्होल्टेज एकषष्ठांशाने कमी झाले तर शक्ती जवळजवळ एकतृतीयांशाने कमी होते. सर्किट असलेल्या साधनात ही घट वापरणाऱ्याला जाणवू दिली जात नाही, मेकॅनिकल साधनात मात्र ती थेट हाती येते. त्यामुळे सेल संपण्याच्या कितीतरी आधी तो संपल्यासारखा वाटतो. ११०० च्या सेलमध्ये एकूण ऊर्जा सुमारे ४ वॉट-तास, म्हणजे १४,४०० जूल आहे. सरासरी २८ वॉट धरून तीन सेकंदांच्या एका वापराला ८४ जूल लागतात. चौथा हिस्सा आत राहतो किंवा उष्णतेत जातो असे धरले, तर १२५ ते १३० वापर निघतील, आणि त्यांतील शेवटचे कितीतरी मिळमिळीत असतील. गुंडाळी १ ओहमची केली तर प्रवाह निम्मा होतो, सेल दुप्पट टिकतो आणि कमी तापतो. एवढा एक बदल दुकानातील कोणत्याही महागड्या सेलपेक्षा अधिक उपयोगी आहे.

सलग भार आणि थांबून थांबून दिलेला भार यांतही फरक असतो, म्हणून टायमरच्या साहाय्याने पाच सेकंद चालू आणि पंचवीस सेकंद बंद असा एक प्रयोग केला. लहान सेलचा एकूण चालू काळ १६ वरून साडेसतरा मिनिटांवर गेला. विश्रांतीने थोडे सावरते, पण थोडेच.

संपर्काच्या जागांबद्दल एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तिच्याविषयी चुकीची समजूत बरीच पसरलेली आहे. नळीच्या आट्यांवर, बटणाच्या टोकावर किंवा स्प्रिंगवर काळपट थर जमला की बॅटरी लवकर संपते असे म्हटले जाते. प्रत्यक्षात मळलेल्या संपर्काने एकूण रोध वाढतो, त्यामुळे प्रवाह कमी होतो आणि सेल थोडा जास्तच टिकतो. नुकसान वेगळ्या ठिकाणी होते. साडेतीन अँपिअरवर ०.०५ ओहमचा संपर्क-रोध ०.१७ व्होल्ट गिळतो. ते व्होल्ट भाराला न मिळता सांध्यातच उष्णता बनतात. टॉर्चचा प्रकाश मंद होतो आणि बूड गरम लागते. माझ्या टॉर्चचे आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर प्रकाशातील फरक डोळ्यांना दिसला. जानापावच्या वाटेवरील तक्रारीचा अर्धा दोष सेलचा नव्हता, माझ्या आळसाचा होता.

चार्जरविषयी मी समाधानी आहे. १४०० रुपयांचा हा दोन खणांचा चार्जर प्रत्येक खणासाठी २५०, ५०० किंवा १००० मिलिअँपिअर प्रवाह निवडू देतो आणि भरणे थांबल्यावर सेलवर ४.१९ व्होल्ट मिळतात. लहान सेलसाठी ही निवड चैनीची नाही. लिथियम-आयन सेल त्याच्या क्षमतेच्या निम्म्या प्रवाहाने भरणे ही सर्वसाधारण सुरक्षित रीत आहे. म्हणजे ११०० च्या सेलला ५०० पुरेसे आहेत. माझा जुना, कोणतेही नाव नसलेला चार्जर मोठ्या आणि लहान दोन्ही सेलना सरसकट १००० देत असे आणि ४.२७ व्होल्टपर्यंत नेत असे. ते आकडे पाहिल्यावर तो मी त्याच दिवशी बाजूला काढला. ४.२ च्या वरचा प्रत्येक शतांश सेलचे आयुष्य खातो आणि धोका वाढवतो. नव्या चार्जरमध्ये एकच उणीव जाणवली : ३५ मिलिमीटरचा सेल बसवताना सरकपट्टीची स्प्रिंग पुरेशी ताणत नाही आणि सेल कधी कधी किंचित तिरका बसतो, त्यामुळे दिवा लागला आहे ना हे पाहूनच तेथून हलावे लागते.

दुकानांविषयी थोडक्यात. ११०० चा सेल आणि १८६५० ज्या दुकानातून घेतले, त्या गृहस्थांनी मी विचारल्यावर सेलचा कमाल अखंड प्रवाह किती ते सांगितले आणि कंपनीचे माहितीपत्रक मोबाइलवर काढून दाखवले. २२०० चा सेल दुसरीकडे घेतला, तेथे हाच प्रश्न केल्यावर उत्तर आले, "साहेब, नंबर बडा है, चलेगा ज़्यादा." तो सेल परत घेण्यास त्यांनी नकार दिला. त्या दुकानाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण त्यांनीही तो कोणाकडून तरी घाऊक घेतलेला आहे आणि त्यांनी तो कधी मोजला असेल असे मला वाटत नाही. मात्र ग्राहकाने छापील क्षमतेच्या आधी कमाल अखंड प्रवाह विचारावा, असा माझा आग्रह आहे. भाच्याच्या ८.४ अँपिअरच्या गुंडाळीला जर पाच अँपिअरचा सेल लावला, तर क्षमता कितीही असो, तो सेल आपल्या मर्यादेबाहेर काम करत असतो आणि त्याला थांबवणारे सर्किट तेथे नसते.

हा धोका कल्पनेतला नाही. अमेरिकेत २०१८ साली फ्लोरिडामध्ये आणि २०१९ साली टेक्सासमध्ये व्हेपिंगच्या साधनांचा स्फोट होऊन दोघांचा मृत्यू झाला, आणि दोन्ही वेळी साधन मेकॅनिकल प्रकारचे होते. तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल विकत घेऊन वापरू नयेत असा स्पष्ट इशारा दिला, कारण हे सेल मुळात संरक्षक सर्किटसह बॅटरी-संचात बसवण्यासाठी बनवलेले असतात आणि संचातून काढून, नवे वेष्टन चढवून सुटे विकले जातात. माझ्याकडील सेल सुटेच आहेत, म्हणून हा इशारा मलाही लागू आहे. त्याचा मान राखून मी माझ्या टॉर्चसाठी आता संरक्षक सर्किट बसवलेला सेल मागवला आहे. तो दोन-तीन मिलिमीटर अधिक लांब असतो, त्यामुळे नळीत बसतो की नाही हे आधी मोजून घ्यावे लागते. भाच्यालाही मी सर्किट असलेले साधन घेण्यास सांगितले आणि ते त्याने मान्य केले.

बिनसर्किटच्या साधनात सेल किती उतरू द्यायचा, हे वापरणाऱ्यालाच ठरवावे लागते. मी विश्रांतीनंतरचे ३.४ व्होल्ट ही सीमा पाळतो. सेल फार खोल, दोन व्होल्टच्याही खाली गेला, तर आतील तांब्याची पट्टी विरघळू लागते आणि पुढे तो भरताना आतल्या आत शॉर्ट होण्याचा संभव राहतो. अशा सेलला पुन्हा जिवंत करण्याच्या युक्त्या सांगणाऱ्यांचे ऐकू नये. वेष्टन कोठेही फाटले तर लगेच बदलावे. सेलची सबंध बाहेरची भिंत ऋण ध्रुव असते आणि वरच्या कडेशी धन टोपीपासून तिला बाहेरून वेगळी ठेवणारी गोष्ट म्हणजे हे वेष्टन आणि त्याखालची कागदाची एक चकती एवढीच असते. खिशात किल्ल्या किंवा नाणी यांच्याबरोबर सुटा सेल ठेवणे म्हणूनच घातक आहे. दहा-वीस रुपयांची प्लास्टिकची डबी पुरते. इंदूरच्या मे महिन्यात बंद गाडीत तर सेल मुळीच ठेवू नये. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर भरू नयेत असे बहुतेक माहितीपत्रके सांगतात आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत ते तापमान सहज ओलांडले जाते.

कोणी मला सरळ विचारले, तर ज्याला दहा-पंधरा मिनिटांचाच प्रकाश हवा आहे आणि खिशातील जागा ज्याच्यासाठी महत्त्वाची आहे, त्याने ११०० चा १८३५० जरूर घ्यावा. तो छापल्याप्रमाणे उतरला आहे. पाऊण तासाची वाट चालायची असेल, तर टॉर्चला लांब नळी लावून १८६५० वापरावा. शंभर रुपये अधिक देऊन जवळजवळ तिप्पट काळ आणि अधिक थंड सेल मिळतो. २२०० चा सेल कोणत्याही किमतीला घेऊ नये.

माझ्याकडचा तो सेल मी १० ओहमच्या रोधावर सावकाश उतरवला, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली आणि सकाळी कचरागाडी आल्यावर ई-कचऱ्याच्या कप्प्यात वेगळा दिला. ११०० च्या सेलवर खरेदीची तारीख लिहून ठेवली आहे. या प्रकारचे सेल साधारण ३०० ते ५०० वेळा भरेपर्यंत मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत टिकतात. लहान सेल जड भारावर तेवढा टिकतो का, हे पाहण्यासाठी शंभर आवर्तने झाल्यावर त्याच १ ओहमच्या रोधावर मी तो पुन्हा मोजणार आहे.